भोक दिसलं म्हणजे किडा निघून गेला



वाल झोडून झाले, वाळवणं अंगणात पडली की दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "डबा घट्ट लावला होता, तरी आत भुंगे आले कुठून?" बोरिवली-अंधेरीच्या इमारतीत राहणाऱ्या ताई हेच विचारतात, आणि खाडीपलीकडे गोराई-मनोरीला भातामागून वाल घेणारा माणूसही हेच विचारतो.

उत्तर सोपं आहे. ते बाहेरून आले नाहीत. धान्याबरोबरच घरात आले. तुम्ही डबा लावलात तेव्हा ते आत होते, फक्त दिसत नव्हते.

हे समजायला माणसाला फार वर्षं लागली. त्यातला बराच इतिहास आपल्या मुंबई उपनगरातही घडला आहे, बोरिवलीच्या गोदामात आणि ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळेत. तो आज सांगतो. कारण हा किडा नुसतं धान्य खात नाही, आपला भावही खातो. तूर, हरभरा, मूग, वाल, काहीही घ्या. काढणीच्या महिन्यात माल बाजारात लोटतो आणि भाव बसतो. चार महिने थांबावं असं सगळ्यांना वाटतं, पण थांबता येत नाही. एक कारण देणं फेडायचं असतं, आणि दुसरं कारण हा भुंगा. "ठेवलं तर किडेल" या धास्तीने माल पडेल भावात जातो. म्हणून ज्याला किडा कळला, त्याला थोडं तरी थांबता येतं.

आधी किडा ओळखू

कडधान्याचा भुंगा म्हणजे तांबूस तपकिरी, तीन-चार मिलीमीटरचा, पाठ आखूड असलेला किडा. शेंग शेतात पिकायला आली की मादी उडत येते आणि शेंगेवर अंडी घालते. घरात उघडा दाणा मिळाला तर थेट दाण्यावर चिकटवते. पांढुरका, साखरेच्या कणाएवढा ठिपका दिसतो ना, ते अंडं. एक मादी साधारण 80 ते 100 अंडी घालते. चार-सहा दिवसांत अंडं फुटतं. गंमत अशी की अळी बाहेर येतच नाही. अंड्याच्या तळातूनच ती खाली दाण्यात शिरते. वरचं टरफल तसंच चिकटलेलं राहतं, म्हणून वाटतं नुसता ठिपका आहे.

आत दोन-तीन आठवडे ती डाळ खाते. कोषात जायच्या आधी सालीच्या आतून गोल खिडकी कोरून ठेवते, वर फक्त पातळ पापुद्रा. कोषातून भुंगा झाला की तो पापुद्रा ढकलतो आणि बाहेर पडतो. तेव्हा आपल्याला भोक दिसतं. म्हणजे भोक हा शिरायचा दरवाजा नाही, निघायचा आहे. खाणंपिणं आत उरकलेलं असतं. बाहेर आलेला भुंगा आठ-दहा दिवस जगतो आणि त्या काळात दाणा खात नाही. जोडी जमवतो, मादी अंडी घालते, संपलं. आपण भुंगे वेचून फेकतो तेव्हा खाणारे फेकत नाही, खाऊन झालेले फेकतो. खाणारे दाण्यात असतात.

आता हिशोब करा. मुंबईच्या हवेत एक फेरा सुमारे महिन्याचा. एका मादीची 80 अंडी धरली तर निम्म्या म्हणजे 40 माद्या. पुढच्या महिन्यात 40 गुणिले 80, झाले 3,200. त्यांतल्या 1,600 माद्या तिसऱ्या महिन्याला 1,28,000. कागदावरचा हिशोब आहे, सगळी जगत नाहीत. पण मार्चमध्ये डब्यात एक-दोन भुंगे आणि जूनमध्ये डबाभर पीठ, हे असं होतं.

तांदूळ-गव्हाचा टोका, म्हणजे सोंडेवाला किडा, त्याची तऱ्हा वेगळी. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं ठेवते आणि चिकट बुचाने भोक बंद करते. बाहेरून दाणा धडधाकट. याचा भुंगा मात्र स्वतःही खातो आणि महिनोन्‌महिने जगतो. भातातलं पाखरू, तो करडा छोटा पतंग, उभ्या पिकातल्या लोंबीपासूनच येतो. पिठातला तांबडा किडा अख्खा दाणा फारसा फोडू शकत नाही, दुसऱ्यांनी केलेल्या भुग्यावर जगतो. आणि खापरा हा कोरड्या, तापलेल्या मुलखातला. त्याची केसाळ अळी भिंतीच्या फटीत खाण्यावाचून वर्षं काढू शकते.

शत्रू पाच प्रकारचे आहेत, पण यातले तीन मोठे, भुंगा, टोका आणि पाखरू, दाण्याच्या आतच वाढतात. पुढे जो इतिहास सांगतोय तो सगळा या एका गोष्टीभोवती फिरतो.

मंगलठाणचं शेत

उपनगर म्हणजे इमारती, असं आता वाटतं. पण अंधेरी, बोरिवली, मुलुंड ही साष्टी बेटावरची भाताची गावं होती. अंधेरी-घाटकोपरचा पट्टा 1950 साली बृहन्मुंबईत आला, बोरिवली-मुलुंड 1957 साली. त्यापूर्वी कितीतरी शतकं इथे भात पिकत होतं आणि साठवलं जात होतं. बोरिवलीच्या डोंगरातल्या कान्हेरी लेण्यांत भिक्षूंसाठी शेतं दान दिल्याचे शिलालेख आहेत. त्यांतल्या एकात मंगलठाण गावातलं शेत आहे. अभ्यासक ते गाव म्हणजे आजचं मागाठाणे मानतात. आता पावसाळ्याचे चार महिने डोंगरात राहणाऱ्या भिक्षूंना खायला द्यायचं तर धान्य साठवावं लागलंच असणार. म्हणजे आपला विषय इथे दोन हजार वर्षांच्या आसपास जुना आहे.

जुन्या लोकांनी काय केलं? बांबूची कणगी विणली, शेण-मातीने सारवली, जमिनीपासून उंच ठेवली. भात टरफलासकट ठेवलं आणि लागेल तसं कांडलं. टरफल म्हणजे निसर्गाने दिलेलं चिलखत आहे, ते शाबूत असलं की टोक्याला तांदळापर्यंत पोचणं जड जातं. वालाला, चवळीला चुलीची राख चोळली. तुरीची लवकर डाळ करून घेतली. कडधान्याचा भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, फुटलेली डाळ त्याला सहसा चालत नाही. एरंडेलाचा हात फिरवला. कडुनिंबाचा पाला, बिब्बे, वेखंड घातलं. देशावर ज्वारीसाठी जमिनीत पेवं होती. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्ध आहेत.

यातलं काय खरंच काम करतं? राख काम करते. बारीक राख दाण्यांमधली पोकळी भरते, भुंग्याला हिंडता येत नाही, जोडी जमत नाही, आणि अंगावरचा मेणाचा थर खरवडून तो सुकतो. तेल काम करतं. अंड्यावर तेलाचा पापुद्रा बसला की आतल्या जिवाला श्वास मिळत नाही. पेव काम करतं. तोंड लिंपलं की आतली हवा धान्य आणि किडे मिळून संपवतात आणि किडे गुदमरतात. म्हणून उघडलेल्या पेवात लगेच उतरलेला माणूसही दगावतो. नुसता कडुनिंबाचा सुका पाला वर ठेवला तर आत शिरलेल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही. पाला नवा भुंगा थोडाफार दूर ठेवतो, इतकंच.

शेतातून येतो, हे कोणी पाहिलं

पूर्वी सगळ्या जगात समजूत होती की किडे धान्यातून आपोआप उपजतात. ओल धरली की किडा झाला. आपल्याकडेही "धान्याला किडे पडले" असंच म्हणतात, जणू आभाळातून पडले. इटलीत फ्रान्सिस्को रेदी याने 1668 साली मांस झाकून आणि उघडं ठेवून दाखवलं की अळ्या माशीच्या अंड्यांतून येतात.

धान्याचं कोडं फ्रान्सात सुटलं. तिथल्या अंगूमुआ प्रांतात एका पतंगाने गव्हाची वाताहत केली होती. 1760 साली दुहामेल द्यु मोन्सो आणि तिये हे दोन अभ्यासक तिथे गेले आणि 1762 साली त्यांचं पुस्तक आलं. नुसतं कोठार बघून ते थांबले नाहीत, शेतात गेले, आणि पतंग उभ्या गव्हावर अंडी घालतो हे त्यांनी पाहिलं. उपाय म्हणून त्यांनी धान्य भट्टीत तापवायला सांगितलं, म्हणजे दाण्याच्या आतला जीव मरेल. हा पतंग म्हणजे आपल्या भातातलं पाखरूच. शेतकऱ्याच्या दृष्टीने मला हा शोध फार मोठा वाटतो. किडीचा पहिला दरवाजा शेतात आहे, हे अडीचशे वर्षांपूर्वी कागदावर आलं.

आपल्याकडे सरकारी पातळीवर हे काम बिहारमधल्या पुसा इथे सुरू झालं. तिथल्या संस्थेत हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे भारताचे इम्पीरियल कीटकशास्त्रज्ञ होते. 1906 आणि 1909 साली त्यांची भारतातल्या किडींवरची पुस्तकं आली. या माणसाची आठवण ठेवा, पुढे त्यांच्याकडे परत येऊ.

रेशनचं पोतं आणि बोरिवलीचं गोदाम

मे 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. तोपर्यंत धान्य गावातून व्यापाऱ्याकडे आणि तिथून घरात असं फिरत होतं. आता लाखो माणसांचं धान्य सरकारला एका जागी साठवून ठेवायची पाळी आली. स्वातंत्र्यानंतर तुटवडा वाढला. अमेरिकेबरोबर 1956 साली पीएल-480 कायद्याखाली पहिला करार झाला आणि बोटींतून गहू यायला लागला. 1966 साली तर देशाने एक कोटी टनांच्या वर धान्य बाहेरून आणलं. त्यातला मोठा वाटा मुंबई बंदरात उतरत होता. लाल गहू आणि मिलो ज्वारी रेशनवर खाल्लेली माणसं अजून आपल्यात आहेत. सुपात घेऊन किडे-खडे निवडायची त्यांची सवय अजून गेलेली नाही.

जानेवारी 1965 मध्ये भारतीय अन्न महामंडळ, म्हणजे एफसीआय, स्थापन झालं. त्याचं मोठं गोदाम बोरिवली पूर्वेला आहे. मंगलठाणच्या शेताचा लेख ज्या डोंगरात आहे, त्याच्याच पायथ्याकडच्या वस्तीत. कान्हेरीच्या भिक्षूंच्या कोठारानंतर त्याच भागात पंजाब-हरियाणाचं धान्य येऊन पडायला लागलं.

इथे किडीचा प्रश्न बदलला. कणगीतलं भात एका घराचं, वर्षात संपणारं. गोदामातली थप्पी शेकडो शेतांतली. एका शेताचा टोका, दुसऱ्याचं पाखरू, तिसऱ्याचा खापरा, सगळे एका छपराखाली. बारदान परत परत वापरलं जातं, त्याच्या शिवणीत किडे प्रवास करतात. त्यात मुंबईची हवा. कोरड्या मुलखातून 10-11 टक्के ओलाव्याचं धान्य येतं आणि पावसाळ्यात इथली दमट हवा पिऊन 13-14 टक्क्यांवर जातं. टोक्याला हेच हवं असतं. धान्य 9-10 टक्क्यांच्या खाली कोरडं असेल तर त्याची वीण जवळजवळ थांबते. ओलावा चढला की फेरा धरतो.

नुकसान किती? सरकारने व्ही. जी. पानसे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिने 1960 च्या दशकात हिशोब मांडला. काढणीपासून पुढे एकूण 9.33 टक्के धान्य वाया जातं. त्यातलं 6.58 टक्के साठवणीत. साठवणीतल्या नासाडीत कीड 2.55, उंदीर 2.50, पक्षी 0.85 आणि ओल 0.68 टक्के. आकडे छोटे वाटतील. पण ज्या दशकात देश धान्यासाठी बोटींची वाट बघत होता, त्या दशकात शंभरातले अडीच दाणे किडा खात होता, आणि ते शेतात राबून पिकवलेले होते.

खापऱ्याचा एक किस्सा इथेच सांगतो. हा आपल्याच उपखंडातला किडा. पोत्यांबरोबर तो जगभर गेला. 1953 साली कॅलिफोर्नियात सापडला तेव्हा अमेरिकेने अख्ख्या इमारती ताडपत्रीत गुंडाळून आत विषारी वायू सोडला आणि वर्षानुवर्षं मोहीम चालवून त्याला हाकलला. एवढी भीती का? कारण तो फटीत लपतो, उपाशी राहतो आणि नवीन धान्य आलं की बाहेर येतो. त्याच्यासाठी रिकामं गोदाम म्हणजे नुसतं वाट बघायचं ठिकाण.

धुरी आणि तिची हद्द

आत बसलेल्या अळीपर्यंत फवारणी पोचत नाही. पोत्यावर मॅलॅथिऑन किंवा डेल्टामेथ्रिन मारलं तर बाहेर फिरणारा मरतो, आतला नाही. आत पोचतो फक्त वायू. म्हणून गोदामांत धुरी आली. जुन्या मंडळींना ईडीबीच्या काचेच्या नळ्या आठवत असतील, कोठीत ठेवून फोडायच्या. त्यावर आता बंदी आहे. पुढे ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या आल्या. त्यांतलं शेतकऱ्यांच्या तोंडी बसलेलं सेल्फॉस हे नाव मूळचं आपल्या जोगेश्वरीच्या एक्सेल कंपनीचं. गोळीला हवेतली ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो. थप्पीवर जाड प्लास्टिक ओढायचं, कडा वाळूच्या नळ्यांनी दाबायच्या आणि आठवडाभर तसंच ठेवायचं.

आठवडा का? कारण पुन्हा किड्याच्या वाढीत आहे. भुंगा आणि अळी भरपूर श्वास घेतात, लवकर मरतात. अंडं आणि कोष जेमतेम श्वास घेतात, म्हणून त्यांना वायू कमी लागतो. सात दिवस वायू टिकला तर त्या काळात अंड्याची अळी होते आणि सापडते. प्लास्टिक फाटकं असेल किंवा तिसऱ्या दिवशी काढलं, तर वरचे किडे मेलेले दिसतात आणि महिन्याने पुन्हा तेवढेच. शिवाय अर्धवट वायूतून जे वाचतात ते चिवट असतात, आणि त्यांचीच पिल्लं पुढे येतात. 1972-73 साली जागतिक अन्न व शेती संघटनेने जगभरचे किडे तपासले, तेव्हाच फॉस्फिन न लागणारे किडे सापडले होते.

आता लेफ्रॉय साहेबांकडे येऊ. भारतातून परतल्यावर ते लंडनला प्राध्यापक होते आणि किडे मारायच्या वायूवर प्रयोग करत होते. ऑक्टोबर 1925 मध्ये प्रयोगशाळेत तोच वायू लागून त्यांचा जीव गेला. भारतातल्या किडींवर पुस्तकं लिहिणारा माणूस, त्याला वायूने सोडलं नाही. म्हणून हात जोडून सांगतो, फॉस्फाईडची गोळी घरात, झोपायच्या खोलीत, ओटीवरच्या कोठीत ठेवायची नाही. एक नाही, अर्धी नाही. ते काम परवाना असलेल्या माणसाचं आणि बंद गोदामातलं आहे. गोळी शेजारच्या खोलीत होती आणि माणसं झोपेत गेली, अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत.

ट्रॉम्बेचे किरण

घाटकोपर-चेंबूरच्या पलीकडे ट्रॉम्बेला 1954 साली अणुशक्तीचं केंद्र सुरू झालं. 1967 साली त्याला होमी भाभांचं नाव दिलं. आपण शेतकरी त्याला टीएयू-1 उडदामुळे आणि टॅग-24 भुईमुगामुळे ओळखतो. पण त्याच 1967 साली तिथे अन्नावर गॅमा किरण सोडून बघायची प्रयोगशाळाही सुरू झाली. विचार सरळ होता. वायू अंड्या-कोषाला कमी लागतो आणि फटीतून निघून जातो. किरण मात्र दाण्यातून आरपार जातात. पाव ते एक किलोग्रे एवढ्या मात्रेत दाण्यातली अळी मरते किंवा तिचा वंश थांबतो. कमी मात्रेत किडा काही दिवस जिवंत दिसतो, पण त्याची अंडी फळत नाहीत. धान्यात विष राहत नाही, धान्य किरणोत्सारीही होत नाही.

मग बोरिवलीच्या गोदामात हे का आलं नाही? मोठा वाद झाला. 1975 च्या सुमारास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ताज्या किरणोपचार केलेल्या गव्हाचे प्रयोग प्रसिद्ध केले. कुपोषित मुलांना तो गहू दिल्यावर रक्तातल्या पेशींत फरक दिसले, असं त्यांचं म्हणणं. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांना आपल्या प्रयोगात तसं आढळलं नाही. सरकारने दोन्हीकडची माहिती तपासायला पी. सी. केशवन आणि पां. वा. सुखात्मे यांना सांगितलं. सुखात्मे म्हणजे आपल्या साताऱ्यातल्या बुधचे, जगभर नाव असलेले संख्याशास्त्रज्ञ. 1976 साली त्यांनी निष्कर्ष दिला की हैदराबादच्या आकड्यांवरून धोका सिद्ध होत नाही. 1980 साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनेही 10 किलोग्रेपर्यंत अन्न सुरक्षित म्हटलं. पण आपल्याकडे परवानगी यायला 1994 उजाडलं, आणि तीही आधी कांदा, बटाटा, मसाल्यांना. धान्य-कडधान्याचा नंबर त्यानंतर लागला.

वाशीला 2000 साली मसाल्यांसाठी आणि 2002 साली लासलगावला कांद्यासाठी केंद्र उभं राहिलं. त्या लासलगावच्या केंद्राने खरी कमाल केली ती आंब्यात. अमेरिका आपला आंबा घेत नव्हती. एक भीती कोयीतल्या भुंग्याची. तोही आपल्या टोक्याच्या नात्यातला, आत बसणारा, बाहेरून न दिसणारा. 2007 साली 400 ग्रे मात्रा दिलेला हापूस लासलगावहून अमेरिकेला गेला. आत बसलेल्या किड्यावर इलाज सापडला, पण तो महाग फळाला परवडला, स्वस्त गव्हाला नाही. शिवाय किरण आतला किडा थांबवतात, उद्या बाहेरून येणाऱ्याला अडवत नाहीत. उघड्या पोत्यात ठेवलं की पुन्हा पहिलेच पाढे.

मग आपल्या हातात काय

एवढा इतिहास सांगितला तो एका गोष्टीसाठी. शेण-सारवलेली कणगी, गोदामातला वायू, ट्रॉम्बेचे किरण, सगळ्यांची धडपड एकच होती, दाण्याच्या आत बसलेल्याला गाठायची. आणि सगळ्यात स्वस्तात त्याला गाठता येतं ते पहिल्या महिन्यात, आपल्या अंगणात. भोक पडायच्या आधी. गोदामाला ती संधी मिळत नाही, त्याच्याकडे माल उशिरा पोचतो. आपल्याला मिळते.

शेंगा पिकल्या की शेतात लोंबत ठेवू नका. जितके दिवस उभ्या, तितकी अंडी.

झोडणी झाली की कडक वाळवा. दाताखाली दाणा कट्ट वाजला पाहिजे. काचेच्या बरणीत मूठभर धान्य आणि चिमूटभर कोरडं मीठ घालून हलवा. मीठ बरणीला चिकटलं तर ओल अजून बरीच आहे. न चिकटलं म्हणून लगेच भरू नका, दाताची परीक्षा घ्याच.

मग एक दिवस उन्हाची भट्टी करा. खाली काळं प्लास्टिक, त्यावर दोन बोटांपेक्षा पातळ थर, वरून पारदर्शक प्लास्टिक, कडा दाबलेल्या. मार्च-एप्रिलच्या उन्हात आत 57 अंशांच्या पुढे तासभर तापमान राहिलं तर अंडं, अळी, कोष, सगळं मरतं. फ्रान्सातल्या त्या दोघांनी भट्टी सांगितली होती, आपल्याला ऊन फुकट आहे. धान्य गार झाल्यावरच भरा, नाहीतर आत घाम धरतो. बियाण्याचं असेल तर आधी थोड्यावर करून उगवण तपासा.

खायच्या कडधान्याला किलोमागे 5 मिलीलीटर खाद्यतेल चोळा. सगळ्या दाण्यांना लागलं पाहिजे. बियाण्याच्या वालाला चाळलेली कोरडी राख.

आणि हवा बंद करा. आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये 1987 पासून अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी चवळीच्या भुंग्यावर काम केलं आणि तीन पदरी पिशवी काढली, आत प्लास्टिकचे दोन थर आणि बाहेर विणलेलं पोतं. आतली हवा किडेच संपवतात, मग अळीचं खाणं थांबतं आणि ती सुकून मरते. वाचल्यावर मला आपलं पेवच आठवलं. तशी पिशवी मिळाली तर उत्तम, नाहीतर घट्ट झाकणाचा पिंप काठोकाठ भरा. अर्धा रिकामा पिंप म्हणजे किड्याला महिनाभराची हवा. आणि रोज उघडून बघू नका, प्रत्येक वेळी नवीन हवा देता. रोजच्यासाठी वेगळा लहान डबा ठेवा.

इमारतीतल्या ताईंसाठी सोपं आहे. आणलेली डाळ-कडधान्य आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग बाहेर काढून पिशवीवरचं पाणी सुकल्यावर डब्यात भरा. जुन्या डब्यात तळाला उरलेल्या धान्यावर नवीन ओतू नका, खापऱ्याची गोष्ट आठवा.

महिन्याने मूठभर दाणे हातावर घेऊन उजेडात बघा. भोकं शोधू नका, पांढरे ठिपके शोधा. ठिपका दिसला तर अजून वेळ आहे, पुन्हा ऊन द्या. भोक दिसलं तर एक पिढी खाऊन गेली आहे आणि दुसरी दाण्यात बसली आहे.

यंदा वाल-तूर विकायची घाई करण्याआधी पाच-दहा किलोवर हे करून बघा आणि गणपतीपर्यंत ठेवा. तोवर दाणा अख्खा राहिला, तर पुढच्या साली कधी विकायचं हे तुम्ही ठरवाल, भुंगा ठरवणार नाही.